वाजणारा रेनकोट

"पावसाचा कोट? कुठल्या पावसाचा?" दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवून मला विचारलं.

त्याचं काही चुकत नव्हतं. सोलापूरच्या माणसाने आषाढात रेनकोट मागणं म्हणजे दुकानदाराची थट्टाच. आमच्याकडे आभाळ भरून आलं की लोक कामं टाकून बाहेर येऊन बघत उभे राहतात, आणि चार थेंब अंगावर पडले तर घरी जाऊन सांगतात. मी स्वतः पाटबंधारे खात्यात कारकून होतो. कुठल्या तलावात किती पाणी साठलं हे रोज लिहायचो, पण ते सगळं पाणी कागदावरचं.

"गगनबावड्याच्या बाजूला जायचंय," मी म्हणालो. "रानडुकराच्या शिकारीला. तिथं दलदल आहे म्हणतात."

दुकानदाराने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. तेव्हा मला बनियनसुद्धा सैल व्हायचं. मग त्याने माझ्याबरोबर आलेल्या तात्यामामांकडे पाहिलं.

"शिकारीला? ह्यो?"

"शिकार नावाला वो," तात्यामामा म्हणाले. "लग्न जमवायलोय ह्याचं. मुलीच्या बापाची तशी अट हाय."

"मग आधी सांगायचं की. सूट दाखवतो."

तात्यामामा माझे सख्खे मामा. गणगोतातली निम्मी लग्नं त्यांनी जमवलेली आणि उरलेली निम्मी मोडताना मध्यस्थी केलेली. माझ्यासाठी त्यांनी पाणोळ्याच्या दौलतराव सरनोबतांची मुलगी शशिकला काढली होती. पाणोळं म्हणजे बावड्याच्या अलीकडचं डोंगरातलं गाव. मुलगी मॅट्रिक झालेली, कोल्हापुरात मावशीकडे राहून शिकलेली. पाहण्याचा कार्यक्रमही त्या मावशीच्याच घरी झाला, आणि तिथेच माझा निकाल लागला. झालं असं की मावशींनी पोह्यांची बशी माझ्या हातात देता देता सोडून दिली आणि पोहे माझ्या नव्या पँटीवर सांडले. मी चटकन म्हणालो, "चुकलं माझंच. मीच हात उशिरा पुढं केला."

हे मी सौजन्याने म्हणालो असं कुणाला वाटेल, तर तसं नव्हतं. ती सवय होती. खात्यात माझं खरं काम तेच होतं. साहेबांचा आकडा चुकला, साहेबांनी सही भलतीकडे केली, साहेब बैठकीला उशिरा गेले, की वरच्या साहेबांपुढे मी उभा राहायचो आणि म्हणायचो, "चुकलं माझंच." त्यामुळे साहेबांचा माझ्यावर फार जीव होता. बढती मात्र त्यांनी कधी दिली नाही, कारण इतक्या चुका करणाऱ्याला बढती कशी देणार?

पोहे सांडल्यावर सगळे हसले. एकटी शशिकला हसली नाही. तिने मान वर करून माझ्याकडे सरळ पाहिलं, आणि त्या पाहण्याने मी कामातून गेलो. सोलापूरला परतल्यावर बेरजा चुकायला लागल्या, त्याही माझ्या स्वतःच्या.

पत्रिका जुळली, देण्याघेण्याचं ठरलं. पण आबासाहेबांचा, म्हणजे दौलतरावांचा निरोप आला की पावण्याला आखाडातल्या शिकारीला पाठवून द्या. माणूस दिवाणखान्यात कळत नाही, चिखलात कळतो. शिकार आखाडातच होणार, कारण पुढे श्रावण लागला की गावात मटण बंद. ही गोष्ट पासष्ट-सहासष्ट सालातली. तेव्हा पिकाच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना मिळायचा आणि डुक्कर मारायला कुणाची ना नव्हती.

"ह्या शिकारीवरनं दोघं परत गेलेत बघ," तात्यामामांनी दुकानातच मला बातमी दिली. "एक फौजदार हुता, एक साखर कारखान्यातला इंजिनेर. दोघंबी तुझ्यापरीस उंच. का नाकारलं, कोण काय सांगंना."

दुकानदाराने माळ्यावरून एक खोका काढला. कुणी तरी सांगून मागवलेला आणि कधीच न नेलेला एकुलता एक रेनकोट. जाड प्लास्टिकचा, टोपीसकट, पिवळाजर्द. त्याने तो झटकला आणि दुकानात चुरमुऱ्याच्या पोत्यात कुणी उडी मारावी तसा आवाज झाला.

"जरा वाजतोय का?" मी विचारलं.

"नवा हाय. वापरून मऊ पडंल," दुकानदार म्हणाला. वापरून म्हणजे सोलापुरात, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मी तो अंगावर चढवून पाहिला. "हळदीला बसल्यासारखा दिसायलास," तात्यामामा म्हणाले, आणि शकुन चांगला म्हणून तो घेतला.

पाणोळ्यात एसटीतून उतरलो तेव्हा पाऊस म्हणजे काय ते मला पहिल्यांदा कळलं. तो पडत नव्हता, तो तिथे राहायलाच होता. घरांच्या भिंतींवर शेवाळ, माणसांच्या बोटांना सुरकुत्या, आणि गावाच्या खालच्या अंगाला ओढ्याचं पाणी पसरून झालेली मोठी थोरली दलदल. गावकरी तिला नुसतं 'राड' म्हणत. डोंगरातली डुकरं त्या राडीत लोळायला यायची आणि जाता जाता नुकती लावलेली भातं उकरून टाकायची.

सरनोबतांच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, भिंतीला ओळीने खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीवर पावसापासून बचावाची एकेक वस्तू टांगलेली होती. बांबूच्या कामट्या आणि पानांचं इरलं, घोंगड्याची खोळ, फौजेतली मेणकापडाची बरसाती, दांडा मोडलेली एक छत्री. त्यांच्यापुढे उभे राहून बाळकू हवालदार मला माहिती देत होते. फौजेतून निवृत्त झालेला हा माणूस म्हणजे आबासाहेबांचा उजवा हात. डबे बडवून जनावर बाहेर काढायचा हाका कुठून उठवायचा, कोण कुठे बसायचं, सगळं तोच ठरवायचा.

"पावणं, शिकारीत निम्मं काम बंदुकीचं आनि निम्मं अंगावर काय घातलंय त्येचं," हवालदार म्हणाले. "ह्ये इरलं बगा. दिसायला गरीब. पर औंदाच्या आदल्या आखाडात ह्येची कामटी फांदीत अडकली, कडकन मोडली, आनि दोन मणाचं डुक्कर हातचं गेलं."

"अरेरे," मी म्हणालो.

"ही खोळ. ऊब लई. पर भिजली की मेंढरावानी वास सुटतोय. वाऱ्यावर वास गेला, डुक्कर गेलं. ही बरसाती माजी सोताची. गडद हिरवी, वाजत न्हाई, वास न्हाई."

"मग ही चांगली."

"चकाकती की! इजंच्या उजेडात चमाकली आनि डुक्कर माघारी वळलं."

"आणि छत्री?"

हवालदारांनी छत्रीकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुढे विचारलं नाही.

मला तेव्हा या लोकांच्या अभ्यासाचं फार कौतुक वाटलं. प्रत्येक वस्तूचा गुन्हा आणि साल तोंडपाठ. आमच्या खात्यात धरणं फुटली तरी इतकी कसून चौकशी होत नसे. एवढ्या सगळ्या चौकशांत बंदुकीचं नाव कुठेच कसं नाही, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही. सोप्यातली माणसं एकेक मत देऊ लागली. एक म्हणाला पावण्याला इरलं द्या, दुसरा म्हणाला खोळ द्या, वारा उलटा आहे. मी आपला नवा कोट पिशवीतून काढला. तो काढतानाच इतका वाजला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

सोप्यातल्या सगळ्यांनी आधी म्हशीकडे पाहिलं, मग माझ्या कोटाकडे.

तेवढ्यात आतून आबासाहेब आले. धिप्पाड देह, पांढऱ्या मिशा, डोक्याला पटका. बाळकू हवालदार लगबगीने पुढे गेले आणि आबासाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात त्यांनी सोप्यात येऊन बसेपर्यंत काढला नाही. सरदार घराण्याचा रुबाब म्हणतात तो हाच, असं मला वाटलं.

"कशाचा आवाज आला ह्यो?" आबासाहेब म्हणाले.

"पावण्यांचा रेनकोट, आबा," हवालदार म्हणाले. "पिवळा हाय."

"आना हिकडं."

मी कोट दिला. त्यांनी त्याची बाही दोन बोटांत धरून कानाजवळ नेली आणि चोळली. मग पुन्हा चोळली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"आबा, ह्यो घालून राडीत गेलं तर डुकरं पार रत्नागिरीपातूर पळतील," हवालदार म्हणाले. "पावणं, डुकराला डोळा कमी असतोय, पर कान लई तिखट. दिसलं न्हाई तरी समदं आयकतंय त्ये."

आता काय करावं? तात्यामामा डोळ्यांनी मला खोळ घे, खोळ घे, असं सुचवत होते. मीही हात खोळीकडे नेला होता. तेव्हा शशिकला चहा घेऊन आली. सगळ्यांना देत देत ती माझ्याकडे आली, खाली वाकली, आणि ओठ न हलवता पुटपुटली, "कोण काय म्हणू दे, तुम्ही तुमचाच घाला. आणि आबांच्या शेजारीच उभे राहा."

मुलीला माझा कोट आवडला! पिवळा रंग तिला भावला असणार. सोलापूरच्या त्या दुकानदाराला मी मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला.

"मी माझाच घालीन," मी म्हणालो.

"बगा बुवा," हवालदार म्हणाले, आणि त्यांनी शशिकलेकडे एकदा तिरपं पाहिलं. पण मला ते आता आठवतं. तेव्हा मी आकाशात होतो.

सकाळी हाका उठवायची माणसं डबे आणि काठ्या घेऊन डोंगराच्या बाजूने गेली. आबासाहेबांची जागा ठरलेली होती. राडीच्या कडेला बांधावर एक जुनं जांभळाचं झाड, त्याच्या बुंध्याशी दगडावर ते बसायचे. हवालदारांनी त्यांना हाताला धरून तिथवर नेलं, बंदूक मांडीवर दिली, तोंड राडीकडे वळवून दिलं आणि ते हाकेकऱ्यांकडे गेले. तात्यामामा छत्री घेऊन मागे एका झाडावर चढवले गेले होते. मुलाकडच्या माणसाने मुलाची शिकार उघड्या डोळ्यांनी बघावी, अशी तिथली पद्धत.

मी आबासाहेबांच्या शेजारी उभा राहिलो. म्हणजे राहायला गेलो. बांध निसरडा होता. पाय घसरला आणि मी खाली राडीत गेलो, सरळ उभाच्या उभा, गुडघ्यांच्या वरपर्यंत. हवालदारांनी दिलेल्या गमबुटांत वरून चिखल शिरला आणि पाय असे धरले गेले की मला अंगठासुद्धा हलवता येईना. बांधावर चढायला हात टेकवावा तर कोट वाजणार. म्हणून मी हात पोटाशी घट्ट बांधून, तोंड मिटून, पिवळ्या खांबासारखा उभा राहिलो. वरून पाऊस, खालून चिखल. आणि मनात एकच होतं, शशिकला. तिच्यासाठी संध्याकाळपर्यंतही उभा राहिलो असतो. तसाही पर्याय नव्हता.

डोंगरावर डबे वाजायला लागले. आरोळ्या उठल्या. मग बऱ्याच वेळाने समोरच्या लव्हाळ्यात काही तरी हललं आणि डुक्कर बाहेर आलं.

मी चित्रातसुद्धा एवढं मोठं डुक्कर पाहिलं नव्हतं. काळं, चिखलाने माखलेलं, मानेवर केस उभे, जबड्यातून सुळे बाहेर आलेले. ते आमच्यापासून सोप्याच्या लांबीएवढ्या अंतरावर येऊन थांबलं. नाक वर करून फुरफुरलं. मी श्वास धरला. आता बार होणार म्हणून मी डोळे बारीक करून आबासाहेबांकडे पाहिलं.

आबासाहेबांनी बंदूक खांद्याला लावली होती. पण नळी भलतीकडेच होती. डाव्या अंगाला एक पावसाने काळा झालेला धोंडा होता, त्याच्यावर त्यांनी नेम धरला होता. डुक्कर इकडे उभं होतं, पुरतं आडवं, लहान मुलानेही दगडाने टिपावं असं. नळी हळूहळू उजवीकडे आली, डुकरावरून गेली, पुढे सरकली, पुन्हा परत आली. आबासाहेबांचं डोकं किंचित कललं होतं.

तेव्हा मला कळलं. या माणसाला दिसत नव्हतं. डुक्कर तर नाहीच, पण धोंडाही दिसत नव्हता. काल सोप्यात त्यांनी हवालदारांच्या खांद्यावरचा हात का काढला नव्हता, तेही त्याच क्षणी कळलं. रुबाब नव्हता तो.

डुकराने आणखी एकदा फुरफुर केली, आमच्या पुढून सावकाश चालत राड ओलांडली आणि ते भाताच्या वाफ्यात शिरलं. ते पार दिसेनासं झाल्यावर आबासाहेबांनी बार टाकला. धोंड्याचा टवका उडाला.

हाकेकरी धावत आले. हवालदार सगळ्यांच्या पुढे होते. त्यांनी धोंड्याकडे पाहिलं, वाफ्यात गेलेल्या खुरांकडे पाहिलं आणि आबासाहेबांपुढे येऊन मान खाली घालून उभे राहिले. नुसता पावसाचा आवाज.

"ऐन येळंला," आबासाहेब म्हणाले. "ऐन येळंला कायतरी वाजलं."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. राडीत रुतलेला तो पिवळाजर्द कोट.

मी खरं बोलायला तोंड उघडलं होतं. मी हललोच नाही, मला हलताच येत नाही, हे बघा पाय. डुक्कर तर तुमच्या पुढ्यात उभं होतं. पुरावा माझ्या मांड्यांपर्यंत आलेला होता. आणि गुन्हा अंगावर घेतला तर शशिकला गेलीच. शिकार बिघडवणाऱ्याला मुलगी कोण देतं? फौजदार आणि इंजिनियर असंच काही तरी बिघडवून गेले असणार, अशी माझी खात्रीच झाली होती.

पण आबासाहेबांनी माझ्या दिशेने तोंड वळवलं होतं, आणि ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या कानाशेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत होते. पटक्यातून पाणी मिशांवर गळत होतं. एवढा मोठा माणूस, आणि उत्तर ऐकायला लहान मुलासारखा ताटकळलेला.

"चुकलं माझंच, आबासाहेब," मी म्हणालो. "माझा रेनकोट वाजला."

झाडावरून तात्यामामांची छत्री खाली पडली.

संध्याकाळी सोप्यात माझी चौकशी बसली. माझा कोट खुंटीवर टांगला गेला, छत्री आणि बरसातीच्या मधोमध. जमलेल्या प्रत्येकाने साक्ष दिली. एकाने सांगितलं, आवाज आधी एकदा झाला, मग दोनदा. दुसरा म्हणाला, तीनदा, पण मधला बारीक होता. डोंगरापलीकडे डबा बडवत असलेल्या माणसानेही तो आवाज ऐकला होता, आणि डब्यामुळे ऐकू कसं आलं, असं त्याला कुणी विचारलं नाही. एका म्हाताऱ्याने तर असा वाजणारा कोट आपल्या उभ्या हयातीत झाला नाही, असं शपथेवर सांगितलं. मी प्रत्येक साक्षीला मान हलवत होतो. एवढं दांडगं डुक्कर एकट्याने घालवल्याचा मान माझ्याआधी कुणाला मिळाला नसावा.

"बाळा," तात्यामामा माझ्या कानाशी लागले, "उद्या पहिली गाडी किती वाजता हाय ती इचारून ठेव. तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस."

मी दाराकडे पाहिलं. शशिकला चौकटीला टेकून उभी होती. ती रडत असेल असं मला वाटलं होतं. ती रडत नव्हती. ती आबासाहेबांकडे बघत होती.

आबासाहेबांनी हात वर केला. साक्षी थांबल्या.

"पावणं," ते म्हणाले, "कोट तुमचा लई वाईट."

"होय."

"असला कोट घालून शिकारीला येनारा मानूस आमी बगितला न्हाई."

"होय, आबासाहेब."

"आनि चुकी झाली ती झाली, तोंडावर कबूल केली. कुनाकडं बोट दावलं न्हाई." त्यांनी जरा दम घेतला. "तात्या, तुळशीचं लगीन झालं की पैला मुहूर्त धरा."

तात्यामामांना ऐकू गेलं नाही असं वाटून हवालदारांनी त्यांच्या पाठीत थाप घातली. सोप्यातल्या लोकांना मात्र काडीचं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. मघाशी शपथेवर साक्ष देणारा म्हातारा उठला, त्याने माझा खांदा दाबला आणि म्हणाला, "लई ब्येस वाजला बगा कोट, जावईबापू."

मला यातलं काही कळलं नाही. खरं सांगायचं तर कळून घ्यायची गरजही वाटली नाही.

ते लग्नानंतर शशिकलेने सांगितलं. आबांच्या डोळ्यांत काचबिंदू आणि मोतीबिंदू एकत्र आले होते आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाही ठाऊक नव्हतं. तरणेपणी याच आबांनी हवालदारांना जखमी डुकराच्या सुळ्यांखालून ओढून काढलं होतं. गावातल्या निम्म्या घरांवर त्यांचे तसले उपकार. मग त्यांची बंदूक खाली ठेवायची कुणी? दर आखाडात शिकार व्हायची, दर वेळी डुक्कर आबांच्या पुढून चालत जायचं, आणि संध्याकाळी सोप्यात बसून गाव गुन्हेगार शोधायचं. एकदा इरलं सापडलं, एकदा खोळ, एकदा हवालदारांनी स्वतःची बरसाती पुढे केली. डुकरं भात खात होती आणि गाव अब्रू राखत होतं.

"आणि फौजदार?" मी विचारलं.

"तो सरळ म्हणाला, डुक्कर समोर होतं, तुम्हाला दिसलं नाही काय? सगळ्या हाकेकऱ्यांपुढं. आबा दोन दिवस जेवले नाहीत."

"इंजिनियर?"

"तो हसला."

"म्हणून तू मला हा कोट घाल म्हणालीस होय? मला वाटलं, रंग आवडला."

"रंग?" ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून जी हसत सुटली ती थांबेना. मग डोळे पुसून म्हणाली, "मावशीनं बशी सोडली होती ती मी बघितली होती. तेव्हाच म्हटलं, माणूस आपल्या घराला चालेल. फक्त त्याच्या अंगावर वाजणारं काही तरी पाहिजे होतं. ते तुम्ही घेऊनच आलात."

त्यानंतर दर आखाडात मी रजा काढून सोलापूरहून पाणोळ्याला जात राहिलो. पिवळा कोट तिथेच खुंटीवर असायचा. डुक्कर यायचं, जायचं, बार व्हायचा, आणि मी म्हणायचो, "चुकलं माझंच." बाकीच्या वस्तू निर्दोष सुटल्या. पुढे शिकारबंदीचा कायदा आला, आबांनी बंदूक स्वतः नेऊन चौकीवर जमा केली आणि सोप्यात सांगितलं, "कायद्यापुढं आपलं काय चालनार?" इतका सोयीचा गुन्हेगार आम्हाला कुणालाच सापडला नसता.

आबा अंथरुणाला खिळले तेव्हाही आखाडच होता. मी आणि शशिकला पाणोळ्याला गेलो होतो. दुपारी ती आत गेली होती आणि मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. पागोळ्या गळत होत्या. मला वाटलं, त्यांना झोप लागली.

"जावईबापू," ते एकदम म्हणाले, "त्यो कोट हाय का अजून?"

"आहे की. खुंटीवरच आहे."

"घाला बगू. आनि जरा चाला."

म्हाताऱ्या माणसाचा हट्ट. मी कोट घातला. इतक्या वर्षांत तो मऊ पडला नव्हता, उलट कडक झाला होता. मी सोप्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. चर्र चर्र, फडफड फडफड. आबा डोळे मिटून, मान किंचित कलती करून ऐकत होते. त्या दिवशी जांभळाखाली त्यांनी मान कलती केली होती, अगदी तशीच.

"असा वाजतोय व्हय," ते म्हणाले आणि मिशांतल्या मिशांत हसले. "त्या दिवशी मातूर वाजला न्हवता."

मी होतो तिथे उभा राहिलो.

"डुक्कर लव्हाळ्यातनं आलं. थांबलं. फुरफुरलं. माज्या म्होरनं चालत गेलं. समदं आयकलं म्या. तुमी श्वास धरलेला, त्यो बी आयकला. पर कोट न्हाई वाजला."

"आबा, मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"बोललो की," आबा म्हणाले. "तुळशीचं लगीन झालं की मुहूर्त धरा म्हनलो न्हवं?"

मी कोट काढायला लागलो. बटणं काही केल्या सुटेनात आणि तो नुसता वाजत राहिला. आबांनी तेही ऐकलं असणार.